प्रकल्प नोंदी: घरच्या संगणकावर नको त्या साइट्स कोण अडवतं?

३ मे २०२५, शनिवार

बाबांनी संगणक लावणं बंद केलंय, हे आईकडून कळलं. तीन आठवडे झाले. कारण विचारलं तर आधी "वेळ नसतो" म्हणाले. मग हळूहळू सांगितलं. एक दिवस पडदाभर लाल पान उघडलं. 'तुमच्या संगणकात व्हायरस सापडले आहेत, संगणक बंद करू नका, या नंबरवर फोन करा' असा मजकूर आणि वर कर्कश भोंगा. पान काही केल्या बंद होईना. त्यांनी सरळ भिंतीवरचं बटण बंद केलं. फोन केला नाही, पैसे गेले नाहीत. पण त्या खुर्चीत बसायला आता त्यांना नको वाटतं, आणि माझ्या मनाला तेच लागलंय.

म्हणून हा प्रकल्प. सुरुवातीलाच दोन नियम लिहून ठेवते. आई-बाबा काय वाचतात याची नोंद मी कुठेही साठवणार नाही. आणि काही अडलं तर ते कोणी अडवलं, हे मला शोधता आलं पाहिजे.

आजची अवस्था अशी: विंडोज ११. बाबा क्रोम वापरतात, आई फायरफॉक्स. अँटिव्हायरस विकत घेतलेलं आहे, मुदत शिल्लक आहे, रोज अद्ययावत होतंय. सगळे एकाच खात्यातून वापरतात आणि ते खातं ॲडमिनचं आहे, म्हणजे त्यातून काहीही बदलता येतं. राउटर बसवल्यापासून त्याला कोणी हात लावलेला नाही.

म्हणजे अँटिव्हायरस चालू असतानाच ते लाल पान आलं. बाबांनी मला विचारलंही: "मग ते करतं काय?" प्रश्न रास्त आहे. त्याचं नीट उत्तर मला द्यायचंय.

पहिला शोध आजच लागला. खाली उजव्या कोपऱ्यात अजूनही थोड्या थोड्या वेळाने चौकट येते: 'धोका! आत्ता साफ करा.' बाबांना ती अँटिव्हायरसची वाटत होती, आणि दिसतेही तशीच. पण नीट पाहिलं तर चौकटीत बारीक अक्षरात क्रोमचं नाव आणि एका अनोळखी साइटचा पत्ता आहे. क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशनची यादी उघडली, तर चार अनोळखी साइट्सना परवानगी दिलेली. 'तुम्ही माणूस आहात हे दाखवण्यासाठी परवानगी द्या' असं म्हणणारी पानं असतात. तिथे कधीतरी बटण दाबलं गेलं असणार.

अशा चौकटी साइटचं नाव अडवून थांबत नाहीत. साइट आपला संदेश ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीच्या पुश सर्व्हरकडे देते आणि तो तिथून आपल्या ब्राउझरकडे येतो. साइटचं नाव अडवलं तर क्लिक केल्यावर उघडणारं पान अडेल, पण चौकट येतच राहील. उपाय एकच, परवानगी काढणं. चारही काढल्या, आणि यापुढे कोणत्याच साइटने परवानगी विचारू नये असा पर्याय निवडला. तासभर बसून पाहिलं. एकही चौकट आली नाही.

बाबांना बोलावून दाखवलं. "म्हणजे व्हायरस नव्हताच?" नव्हता. ते काही बोलले नाहीत, पण खुर्ची ओढून शेजारी बसले.

४ मे, रविवार

आता खरं काम. साइट अडवण्याची एकच भिंत नसते. वाटेवर एकामागून एक नाके असतात आणि प्रत्येक नाक्याला वेगळी गोष्ट दिसते. सगळ्यात जुन्या नाक्यापासून सुरुवात केली.

ब्राउझरमध्ये नाव टाकलं की संगणकाला त्या नावाचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा आकड्यांचा पत्ता, लागतो. तो बाहेर विचारण्याआधी विंडोज स्वतःजवळची एक साधी मजकुराची फाइल बघतं. तिचं नाव होस्ट्स. आर्पानेटच्या, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजाच्या, काळात अशी एकच फाइल म्हणजे सगळं पत्त्यांचं दफ्तर होतं. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट ती सांभाळायची आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घ्यायचे. यंत्रं वाढली तसं ते दफ्तर अपुरं पडू लागलं, आणि १९८३मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरांच्या जाळ्याची, रचना मांडली. जुनी फाइल मात्र प्रत्येक संगणकात राहिली, आणि तिचं म्हणणं आजही आधी ऐकलं जातं.

विंडोजमध्ये ती सिस्टम३२ फोल्डरमधल्या ड्रायव्हर्स, त्यातल्या ईटीसी फोल्डरमध्ये असते. लिहिण्याआधी ती पूर्ण वाचली. काही व्हायरस याच फाइलमध्ये ओळी घुसवतात आणि अँटिव्हायरसच्या अद्यतनाचा रस्ता बंद करतात किंवा ओळखीच्या नावाला भलताच पत्ता लावतात. आपली फाइल स्वच्छ निघाली.

नोटिफिकेशनवाल्या चार साइट्सची नावं घातली, प्रत्येकासमोर ०.०.०.०. हा पत्ता कुठेच पोचत नाही. बरेच जण १२७.०.०.१ लिहितात. त्याचा अर्थ 'हाच संगणक', त्यानेही काम भागतं. फक्त संगणकावर एखादा सर्व्हर चालू असेल तर विनंती त्याच्या दारात जाते.

पहिल्या प्रयत्नात काहीच अडलं नाही. अर्धा तास गेल्यावर कळलं की नोटपॅडने फाइलच्या नावाला मजकूर फाइलची शेपटी जोडली होती. मूळ फाइल तशीच होती आणि शेजारी माझी नवी पडून होती. नोटपॅड ॲडमिन म्हणून उघडून मूळ फाइलमध्येच ओळी घातल्या. साठवताक्षणी अँटिव्हायरसने हटकलं: होस्ट्स फाइल बदलली जात आहे. हे मला आवडलं. त्या फाइलवर पहारा असायलाच हवा.

मर्यादाही लगेच दिसली. ही फाइल फक्त अगदी त्याच नावाला ओळखते. मूळ नाव अडवलं तरी त्याच्या पुढे 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' लावलं की साइट उघडते. 'या नावाखालचं सगळं' असं सांगायची सोय नाही. फसवणारे लोक रोज नवं उपनाव काढतात. चार ठरावीक नावांसाठी फाइल छान आहे, पण तिच्या भरवशावर घर सोडता येत नाही.

७ मे

आईचा फोन: अडवलेल्यांपैकी एक पान फायरफॉक्समध्ये उघडलं. ब्राउझर बरेच दिवस उघडाच होता. एकदा विचारलेले पत्ते तो काही काळ लक्षात ठेवतो. पूर्ण बंद करून उघडायला सांगितला. अडलं.

१० मे, शनिवार

दुसरा नाका डीएनएसचा. संगणक ज्या सर्व्हरला 'या नावाचा पत्ता काय?' असं विचारतो, तो सर्व्हरच घातक नावांची यादी बाळगणारा निवडायचा. वाईट नाव विचारलं की तो पत्ता देतच नाही. काही बसवावं लागत नाही, संगणकावर भार पडत नाही, आणि घरातल्या सगळ्या उपकरणांना एकदम लागू होतं.

दोन पर्याय तपासले. क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ हा साधा आहे, १.१.१.२ घातक साइट्स अडवतो आणि १.१.१.३ त्याबरोबर प्रौढांसाठीच्या साइट्सही. क्वाड९चा ९.९.९.९ फक्त घातक नावं अडवतो. ही सेवा २०१७मध्ये सुरू झाली, ना-नफा संस्था चालवते, आणि विचारणाऱ्याचा आयपी पत्ता साठवत नाही असं त्यांचं जाहीर धोरण आहे. माझ्या पहिल्या नियमाशी ते जुळतं. क्वाड९ घेतला.

राउटरच्या पानावर जाऊन पत्ता बदलला. तपासलं तर संगणक अजून जुन्याच सर्व्हरला विचारत होता. राउटर पुन्हा सुरू केला, संगणक पुन्हा सुरू केला, तरी तेच. शेवटी संगणकाच्या नेटवर्कचा सगळा तपशील काढला तेव्हा दिसलं की मी फक्त आयपीव्ही४चा, म्हणजे जुन्या पद्धतीच्या पत्त्यांचा, डीएनएस बदलला होता. नव्या पद्धतीचा, आयपीव्ही६चा, वेगळा असतो, आणि तो जुनाच राहिला होता. संगणकाला दोन्ही मिळाले की तो कोणालाही विचारू शकतो. एका खिडकीला गज बसवून शेजारची उघडी ठेवल्यासारखं झालं. दोन्ही बदलले, मग जमलं. राउटरवर फिल्टर बसवूनही काही अडत नसेल तर पहिल्यांदा इथे बघावं.

११ मे, रविवार

क्रोममध्ये अडतं, फायरफॉक्समध्ये अडत नाही. तोच संगणक, तोच राउटर.

कारण सापडायला सकाळ गेली. डीएनएसचा प्रश्न पूर्वीपासून ५३ क्रमांकाच्या पोर्टवरून (पोर्ट म्हणजे जोडणीचं क्रमांक दिलेलं दार) उघडा जातो. वाटेतला कोणीही तो वाचू शकतो, बदलूही शकतो. त्यावर उपाय म्हणून डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस आलं, त्याचं मानक २०१८मध्ये प्रसिद्ध झालं. यात प्रश्न कुलूपबंद होऊन ४४३ पोर्टवरून, नेहमीच्या वेब रहदारीत मिसळून जातो. आईच्या फायरफॉक्समध्ये ही सोय चालू होती आणि तो राउटरला न विचारता स्वतःच्या ठरलेल्या सर्व्हरला विचारत होता.

म्हणजे जी गोष्ट आईचं खासगीपण जपते तीच माझा नाका चुकवत होती. ती बंद करून टाकणं सोपं होतं, पण ते मला पटेना. फायरफॉक्समध्ये स्वतःचा सर्व्हर देता येतो, तिथे क्वाड९चाच कुलूपबंद पत्ता दिला. आता प्रश्न वाटेत कोणाला दिसत नाही आणि घातक नावंही अडतात.

नाका कुठे आहे एवढं माहीत असून चालत नाही, गाडी त्याच रस्त्याने जाते का तेही बघावं लागतं.

१७ मे, शनिवार

आज बाबांनी स्वतःहून विचारलं, "आज काय करणार आहेस?" म्हटलं, ब्राउझरचा स्वतःचा पहारा समजून घेऊ या. दोघांनी मिळून वाचलं. आजची नोंद लांब होणार, कारण इतकी सुंदर रचना मी बऱ्याच दिवसांत पाहिली नाही.

क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी गुगलच्या सेफ ब्राउझिंग या घातक पानांच्या यादीचा उपयोग करतात. मायक्रोसॉफ्टच्या एजमध्ये त्याच कामासाठी स्मार्टस्क्रीन असतं. आतापर्यंतच्या नाक्यांना फक्त साइटचं नाव दिसत होतं. ब्राउझरला पूर्ण पत्ता दिसतो, नाव आणि त्यापुढची वाटसुद्धा. चांगल्या साइटवरचं एकच पान कोणी बिघडवलं असेल तर तेवढंच पान अडवणं इथेच शक्य होतं.

बाबांची शंका लगेच आली. "म्हणजे मी काय काय उघडतो ते सगळं त्यांना कळतं?"

याचं उत्तर शोधताना मजा आली. पत्ता जसाच्या तसा पाठवलाच जात नाही. आधी तो एका ठरावीक साच्यात आणतात: मोठी-लहान अक्षरं, जादा तिरक्या रेघा, टक्क्याच्या खुणा घालून लपवलेली अक्षरं, सगळं सरळ करून. मग त्याचे तुकडे पाडतात. पूर्ण पत्ता, प्रश्नचिन्हापुढचा भाग सोडून, त्याच्या वरचा फोल्डर, त्याच्याही वरचा. तसंच नावाचेही, उपनावासकट आणि उपनाव सोडून. नावाचे जास्तीत जास्त ५ प्रकार आणि वाटेचे ६, म्हणजे एका पत्त्याचे ३०पर्यंत जोड होतात. म्हणूनच अख्खी साइट, तिचा एक कोपरा किंवा एकच पान, काहीही यादीत घालता येतं.

या प्रत्येक जोडाचा एसएचए-२५६ पद्धतीने ठसा काढतात. ठसा २५६ बिटांचा (बिट म्हणजे एक शून्य किंवा एक) असतो आणि त्यावरून मूळ पत्ता उलट काढता येत नाही. ब्राउझर संगणकावर घातक पत्त्यांच्या ठशांची यादी ठेवतो, पण पूर्ण ठसे नाहीत, प्रत्येकाचे साधारणपणे फक्त पहिले ३२ बिट. आपण उघडलेल्या पानाचे पहिले ३२ बिट त्या यादीत नसतील तर गोष्ट तिथेच संपते, बाहेर काहीच जात नाही. जुळले, तर ब्राउझर तेवढे ३२ बिट पाठवतो, सर्व्हर त्यांनी सुरू होणारे सगळे पूर्ण ठसे परत देतो, आणि शेवटची तुलना पुन्हा आपल्याच संगणकावर होते.

बाबांना हे असं सांगितलं: ग्रंथालयात जाऊन तुम्ही अमुक पुस्तक हवं असं म्हणत नाही, 'क'पासून सुरू होणारी सगळी आणा म्हणता, आणि घरी येऊन हवं ते स्वतः बघता. त्यांनी विचारलं, ३२ बिटांत किती वेगळे आकडे बसतात? सुमारे ४२९ कोटी. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आणि जगातली पानं त्याहून कितीतरी जास्त. म्हणजे एका आकड्यामागे बरीच पानं असणार. त्यांना नक्की कुठलं ते कळत नाही." बरोबर. मी हे इतक्या थोडक्यात सांगू शकले नसते.

अडचण एकच होती. ही यादी संगणकावर थोड्या थोड्या वेळाने येते, आणि कित्येक फसवी पानं तेवढ्यात उघडून, लोकांना गंडवून नाहीशीही होतात. म्हणून २०२४पासून क्रोम नेहमीच्या संरक्षणातही अनोळखी पत्त्यांसाठी सर्व्हरला त्या क्षणी विचारतो. जातो तो ठशाचा तुकडाच, आणि तोही मध्यस्थ सर्व्हरमार्फत, म्हणजे विचारणाऱ्याचा आयपी पत्ता गुगलला दिसू नये. 'वाढीव संरक्षण' हा पर्याय वेगळा. त्यात पूर्ण पत्ते पाठवले जातात. ते चालू करायचं का, असं बाबांना विचारलं. "नको. साधंच ठेव." तसंच ठेवलं.

१८ मे, रविवार

अँटिव्हायरसचा नाका. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळायला हवं.

विंडोजमध्ये व्हिस्टापासून विंडोज फिल्टरिंग प्लॅटफॉर्म नावाची सोय आहे. कोणत्याही प्रोग्रॅमकडून बाहेर जाणारी जोडणी तिच्यातून जाते आणि अँटिव्हायरस तिथे आपला माणूस उभा करतं. त्यामुळे ब्राउझर कोणता, डीएनएस कोणता, याने त्याला फरक पडत नाही. मागच्या रविवारी फायरफॉक्सने राउटरला चुकवलं, तसं याला चुकवता येत नाही.

पण त्याला दिसतं काय? आता जवळजवळ सगळ्या साइट्स एचटीटीपीएसवर आहेत, मजकूर कुलूपबंद. जोडणीच्या सुरुवातीला ब्राउझर 'मला अमुक नावाच्या साइटशी बोलायचंय' असं उघडपणे सांगतो, त्याला सर्व्हर नेम इंडिकेशन म्हणतात. तेवढंच वाचता येतं. काही साइट्सशी बोलताना नवे ब्राउझर आता तेही झाकतात.

म्हणून बरीच अँटिव्हायरस पुढची पायरी घेतात. साइट खरी आहे हे ब्राउझर तिच्या प्रमाणपत्रावरून ओळखतो; ही प्रमाणपत्रं ज्याच्या भरवशावर खरी मानली जातात, तसं स्वतःचं मूळ प्रमाणपत्र ती संगणकात बसवतात, ब्राउझर आणि साइट यांच्या मधे उभी राहतात, आलेला मजकूर उघडतात, तपासतात, आणि स्वतःच्या सहीने पुन्हा बंद करून ब्राउझरकडे देतात. आपल्याकडे तसं होतंय का हे बघणं सोपं निघालं. साइटच्या पत्त्याशेजारच्या खुणेवर क्लिक करून प्रमाणपत्र उघडलं. ते कोणी दिलं या जागी नेहमीच्या प्रमाणपत्र संस्थेऐवजी आपल्या अँटिव्हायरसचं नाव होतं. होतंय.

यावर मी दिवसभर विचार केला. फायदा खरा आहे: पूर्ण पत्ता दिसतो, पानातला घातक कोडही दिसतो. पण मधे उभं राहणाऱ्याने कुलूप तितकंच भक्कम लावलं पाहिजे. २०१५मध्ये लेनोवोच्या लॅपटॉपवर आधीच घालून दिलेल्या सुपरफिश नावाच्या जाहिरातींच्या प्रोग्रॅमने असंच मूळ प्रमाणपत्र बसवल्याचं उघड झालं. त्याची गुप्त किल्ली सगळ्या यंत्रांवर एकच होती आणि ती शोधून काढता आली. म्हणजे त्या किल्लीने कोणीही कुठल्याही साइटचं खोटं प्रमाणपत्र बनवू शकला असता. २०१७च्या एका संशोधनात अशी मधे उभी राहणारी अँटिव्हायरस आणि उपकरणं तपासली गेली, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच जणांनी जोडणी मूळपेक्षा कमकुवत केल्याचं दिसलं.

ठरवलं: ही खोल तपासणी बंद. पूर्ण पत्ता बघण्याचं काम ब्राउझर करतोच, उतरवलेली फाइल डिस्कवर येताना अँटिव्हायरस तपासतंच, आणि नावावरून अडवणं तरीही चालू राहतं. दुसऱ्या कोणी उलट ठरवलं तर मी त्याला चूक म्हणणार नाही; पण त्याने ते जाणून ठरवलेलं असावं.

बंद केल्यावर एक फरक पडला. अडवलेली साइट उघडली की आधी अँटिव्हायरसचं स्वतःचं पान यायचं, 'ही साइट आम्ही अडवली, कारण अमुक'. आता जोडणी नुसती तुटते आणि ब्राउझर म्हणतो की साइटपर्यंत पोचता येत नाही. बाबा ते बघून म्हणाले, "नेट गेलं वाटतं."

हे मला फार खटकलं. अँटिव्हायरसची छोटी सूचना दाखवण्याची सोय शोधून चालू केली. निदान कोपऱ्यात दोन ओळी तरी येतात.

२४ मे, शनिवार

आईची पक्ष्यांच्या आवाजांची साइट उघडेना. रोज सकाळी ती एक आवाज ऐकते आणि मग खिडकीत उभी राहून तोच शोधते. चार दिवस उघडली नव्हती आणि ती मला बोलली नव्हती. "मला वाटलं त्यांनी बंद केली असेल." असं चुपचाप हरवणं मला लाल पानाइतकंच वाईट वाटतं. लाल पान निदान दिसतं.

आता दुसरा नियम कामी आला. एकेक नाका तपासला. होस्ट्स फाइलमध्ये नाव नाही. अँटिव्हायरसच्या नोंदीत काही नाही. ब्राउझरने लाल इशारा दिलेला नाही. मग संगणकावरून तेच नाव दोन सर्व्हरना विचारलं: १.१.१.१ने पत्ता दिला, ९.९.९.९ म्हणाला असं नावच अस्तित्वात नाही. सापडलं.

कारण काय असावं, त्याचा अंदाज साइट बघूनच आला. ती फुकट जागा देणाऱ्या एका सेवेवर आहे, जिथे एकाच नावाखाली असंख्य लोकांची पानं असतात. त्यांतल्या कोणीतरी फसवं पान टाकलं असेल तर डीएनएसला फक्त नाव दिसतं, वाट दिसत नाही. तो ते एक पान वेगळं काढूच शकत नाही. अडवायचं तर सगळं, नाहीतर काहीच नाही.

आणि तो तसं सांगूही शकत नाही. आईने विचारलं, "मग 'आम्ही अडवलं' अशी पाटी का लावत नाहीत?" पाटी लावायची तर त्या साइटच्या नावाने दुसरं पान दाखवावं लागेल. एचटीटीपीएसमध्ये त्या नावाचं प्रमाणपत्र लागतं, ते यांच्याकडे नसतं. मग ब्राउझर अजूनच घाबरवणारा इशारा दाखवेल. म्हणून तो गप्प राहतो.

तात्पुरता उपाय जुन्या फाइलनेच दिला. होस्ट्सचं म्हणणं आधी ऐकलं जातं ना? अडवण्यासाठी खोटा पत्ता लिहितात, तसा उघडण्यासाठी खरा लिहिता येतो. १.१.१.१ने दिलेला पत्ता फाइलमध्ये घातला, शेजारी आजची तारीख लिहिली. साइट उघडली. पण ही ओळ कायम ठेवायची नाही: उद्या त्या साइटने जागा बदलली तर हीच ओळ तिला चुकीच्या ठिकाणी नेईल.

एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून पडद्याशेजारी चिकटवलं. लाल पान आणि त्यावर ब्राउझरचा मजकूर असेल तर ब्राउझरने अडवलं, परत फिरा. कोपऱ्यात अँटिव्हायरसची सूचना आली तर त्याने. 'नाव सापडत नाही' असं दिसलं आणि बाकीच्या साइट्स चालत असतील तर डीएनएसने, मला फोन करा. फोन नंबर दाखवणारं, आवाज करणारं पान असेल तर ते कोणीही अडवलेलं नाही, तेच फसवं आहे.

शेवटची ओळ बाबांनी सुचवली.

२५ मे

क्वाड९कडे चूक कळवली.

३१ मे, शनिवार

तीन खाती केली. आईचं, बाबांचं, आणि ॲडमिनचं वेगळं. त्याचा पासवर्ड दोघांकडेही आहे, कारण संगणक त्यांचा आहे. साध्या खात्यातून होस्ट्स फाइल बदलता येत नाही, अँटिव्हायरस बंद करता येत नाही.

भाचा सुट्टीला आलाय, चौदा वर्षांचा. दुपारी त्याने आजोबांच्या क्रोममध्ये फुकट व्हीपीएनचं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, टाकलं आणि जवळजवळ सगळे नाके एका उडीत पार केले. अशा एक्स्टेन्शनमुळे ब्राउझरची सगळी रहदारी बाहेरच्या एका सर्व्हरकडे जाते. नावाचा पत्ताही तोच शोधतो. डीएनएसला काही विचारलं जात नाही, अँटिव्हायरसला फक्त त्या सर्व्हरचं नाव दिसतं. उरतो तो ब्राउझरचा स्वतःचा पहारा. आणि एक्स्टेन्शन टाकायला ॲडमिन लागत नाही.

रागावणार होते. त्याआधी त्याने विचारलं, "मावशी, पण खेळांच्या साइट का बंद आहेत?" मला माहीतच नव्हतं. बघितलं तर अँटिव्हायरसच्या वर्गवारीत 'खेळ' हा अख्खा वर्ग अडवलेला होता, मी न निवडता. त्याचं बरोबर होतं. तो वर्ग काढला, आणि 'मनोरंजन', 'गप्पा' हेही. हा पहारा फसवणुकीविरुद्ध आहे. कोणाला काय आवडावं हे ठरवण्यासाठी नाही.

मग त्याला एक्स्टेन्शनची परवानगी वाचायला लावली: 'सर्व वेबसाइट्सवरील तुमचा सर्व डेटा वाचणे आणि बदलणे.' ते दोनदा वाचलं त्याने. "म्हणजे आजोबांच्या बँकेचं पण?" हो. एक्स्टेन्शन त्यानेच काढलं.

७ जून, शनिवार

परीक्षा. अँटी-मॅलवेअर टेस्टिंग स्टँडर्ड्स ऑर्गनायझेशनचं एक निरुपद्रवी चाचणी पान आहे, ते फसवं मानून सुरक्षा प्रोग्रॅमनी अडवायचं असा संकेत आहे. अँटिव्हायरसने अडवलं, सूचना दिसली. ब्राउझरच्या पहाऱ्यासाठी गुगलची स्वतःची चाचणी पानं वापरली. लाल पान आलं. आईच्या फायरफॉक्समध्येही. दोन्ही नाके जागे आहेत.

१४ जून, शनिवार

सकाळी बाबांचा फोन. "अगं, ते परत आलं होतं."

माझ्या पोटात गोळा आला. पण आवाज शांत होता. एका बातमीखालच्या जाहिरातीवर चुकून हात पडला, पडदाभर लाल पान, तोच भोंगा, फोन नंबर. "मी एस्केप दाबून धरलं, पान लहान झालं, मग तो टॅब बंद केला. कागदावर लिहिलंय तसं, नंबर दाखवतंय म्हणजे तेच फसवं."

एकाही नाक्याने ते अडवलं नव्हतं. का, ते दुपारी कळलं. त्या नावाची नोंदणी कालच झालेली होती. कुठलीही यादी आधी कोणीतरी पाहिलेल्या गोष्टींचीच असते. आज सकाळी जन्मलेलं पान तिच्यात नसतं. बाबांना त्यांच्या प्रश्नाचं उत्तर शेवटी असं दिलं: ते काल पाहिलेले चोर अडवतं. आजचा नवा चोर पहिल्यांदा कोणाला तरी दिसावा लागतो.

"मग आज मला दिसला," ते म्हणाले.

त्यांनी टॅब बंद करण्याआधी पत्ता वहीत उतरवून ठेवला होता, एकेक अक्षर सुटं. प्रसिद्ध कंपनीचं नाव, पण मधलं एक अक्षर दोनदा. पडद्यावर माझ्या डोळ्यांनी ते सहज गिळलं असतं. हाताने लिहिताना त्यांना अडखळायला झालं आणि त्यांनी त्याखाली रेघ मारली. दोघांनी मिळून ते सेफ ब्राउझिंगला आणि स्मार्टस्क्रीनला कळवलं. अर्ज बाबांनी भरला.

१५ जून, रविवार

काल कळवलेलं पान आज संध्याकाळी क्रोममध्ये लाल इशाऱ्यामागे गेलेलं दिसलं. आमच्यामुळे की दुसऱ्या कोणामुळे, कोण जाणे.

९.९.९.९ला पक्ष्यांच्या साइटचं नाव पुन्हा विचारलं. पत्ता मिळाला. होस्ट्स फाइलमधली २४ मेची ओळ काढली, ब्राउझर बंद करून उघडला, आणि आईला हाक मारली.